एकच नर

— नाही नाही, जाळी नको. जाळी खाली ठेवा, बेन. ह्याच्या गालाला काटे असतात, बारीक, घाबरला की छत्रीसारखे उघडतो, आणि एकदा जाळीत अडकला की गाल फाटल्याशिवाय निघत नाही. ह्याला काचेच्या ग्लासात धरायचं. घाई करायची नाही. ग्लास आडवा धरून बसायचं, तो आपल्या मर्जीनं आत येतो. मी इथं सुरतेत, पांडेसऱ्यात, तीस वर्षं डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर होतो, कापडाला रंग चढेपर्यंत उभं राहायची सवय आहे मला. मासा काय, येतोच. — मराठी आहात? अरे, मग मघापासून गुजरातीत काय बोलत होतात माझ्याशी! सचिन गावाहून आलात ते कळलं, पण माहेर कुठलं? — धरणगाव! मग बेन कशाला, पोरगीच झालीस माझी. आम्ही पारोळ्याकडचे. बस त्या स्टुलावर. पाण्याचं सोड, इथं सगळ्या फरश्या ओल्याच असतात.

हं, तर नर पाहिजे म्हणालीस. एकच? आणि मोठा, मिशा आलेला? बरं. — तो नाही. तो कोपऱ्यातला विकायचा नाही. हो, दिसायला राजा आहे, मिशा बघ ना, कपाळापर्यंत गेल्यात, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा — पण खोड आहे त्याला एक. कसली, ते राहू दे. इथं ये, ह्या मधल्या टाकीत बघ, लाकडाला चिकटलेत ते. सगळं गाव ह्यांना सकर म्हणतं, काच साफ करणारा मासा, तुम्ही पोरं प्लेको म्हणता. आता तर लोकांनी नंबर पाडलेत एकेका जातीला, पोरं येतात, म्हणतात आप्पा एकशे चव्वेचाळीस आहे का. मला कुठं वाचता येतं! मी ठिपका बघतो, शेपटी बघतो, पोट बघतो. — आधी दुकानातून एक आणलास? नर म्हणून दिला? फोटो आहे? दाखव. जरा लांब धर, जवळचं दिसत नाही मला.

अगं, हा आपला नव्हेच. ह्याच्या पाठीवरचा पंख बघ, उभा आहे, त्याच्या काड्या मोज. मोज ना, तुझे डोळे चांगले आहेत. — बारा. आपल्याला सात, फार तर आठ. हा वाढणारा आहे, दोन वर्षांत हातभर होईल, टाकीत वळता यायचं नाही त्याला, मग लोक तापीत नेऊन सोडतात. फसवलं तुला. सोडू नकोस हां नदीत, मला आणून दे, मी ठेवीन ड्रममध्ये. — थांब. तो फोटो परत मोठा कर. त्या धटिंगणाच्या मागं काय आहे? बोळक्याजवळ. अजून मोठं कर.

हं.

ही शेपटी बघितलीस? वरच्या टोकाला पांढरी किनार, जशी नखाला असते. ही किनार दुकानात मिळत नाही, पोरी. ही माझ्या घरची आहे. आणि ह्या एक, दोन, तीन… सगळ्यांची पोटं भरलेली. सगळ्या माद्या. — तू काही बोलू नकोस, मीच सांगतो. एकटा नर कोणी मागत नाही. लोक जोडी मागतात, नाहीतर पाच-सहा पिल्लं मागतात. एकटा नर तोच मागेल, ज्याच्याकडं नुसत्या माद्या आहेत. आणि माझ्या घरच्या एवढ्या माद्या सगळ्या सुरतेत एकाच घरात आहेत. मगनची कोण तू? — सून. कुंदनची बायको. लग्नाचं बोलावणं होतं मला. आलो नाही.

नाही, उठू नकोस. मासा देणारच आहे मी तुला. पण आलीस तशी ऐकून जा. सहा वर्षं मी हे कोणाला बोललो नाही, ह्या काचांना सुद्धा नाही.

आमची शोभा — माझी बायको — तिला दोन्ही मूत्रपिंडांचं दुखणं. खाटेवरच असायची. खाटेसमोर पहिली टाकी मी तिच्यासाठी मांडली, आणि तीत हा मिशीवाला, म्हणजे ह्यांचा आजा. तिचा जीव त्याच्यावर. गिलक्याची चकती करून तीच टाकायची, दुसऱ्या कोणी टाकलेली त्यानं खाल्ली तर रुसायची माझ्यावर! एका सकाळी मला हाक मारली, म्हणे बोळक्यात बघा, परत नारिंगी काही दिसतंय. अंडी. बाजरीपेक्षा मोठा दाणा, पुंजका असा, आणि नर त्यावर बसलेला, शेपटीनं वारा घालतोय. ह्यांच्यात बाप बसतो अंड्यांवर, माहीत आहे ना? आई टाकून निघून जाते. बाप खात नाही, पीत — पाण्यातच आहे तो, पण खात नाही, हलत नाही, आठ-दहा दिवस. शोभा म्हणे, बघा, शिका काही. अशी हसली. तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

किल्ली मगनला दिली. एका पाळीला होतो आम्ही, खोलीला खोली लागून, मला दादा म्हणायचा. मी सांगितलं, काही करू नकोस, चकती पण टाकू नकोस, फक्त पंप चालू आहे का तेवढं बघ. तेवढंच. इकडे दवाखान्यात शोभा रोज विचारायची, आमच्या बोलीत, भाईर उना का तो? बाहेर आला का म्हणून. मी म्हणायचो, येईल. पाचव्या दिवशी कपडे न्यायला घरी आलो. बोळकं रिकामं. म्हणजे अंडी होती आत, पण पांढरी पडलेली, कापूस उगवल्यासारखी, आणि नर नाही. मगनला विचारलं. म्हणे, कतारगामचा एक हौशी माणूस आला होता, मिशा बघून वेडाच झाला, दिला त्याला. बोळकं आपटून बाहेर काढला मगननं. अंड्यांवर बसलेला बाप! ते बोळकं मी त्याच्यासमोर धरलं. तर काय म्हणाला माहीत आहे? — दादा, मासाच होता ना, दुसरा आणू.

मासाच होता ना.

मी काय म्हणालो? असू दे म्हणालो. सगळे म्हणतात भिकनआप्पा देवमाणूस, मुंगी मारणार नाही. नाहीच मारत मी मुंगी. कपडे घेतले, परत गेलो, आणि शोभाला सांगितलं, आला बाहेर. पिल्लं झाली, चाळीस. आयुष्यात तिच्याशी खोटं बोललो नव्हतो गं, दारूचं सुद्धा खरं सांगायचो. ती एवढी खूश झाली, की पडल्या पडल्या वाटायलाच बसली — दोन अमकीला, दोन तमकीला. मी हो हो करत गेलो. नसलेली पिल्लं वाटत होती बिचारी, आणि मी मान हलवत होतो. दुसऱ्या दिवशी गेली. त्या हरामखोरानं मला तिच्या शेवटच्या दिवशी खोटं बोलायला लावलं. ते मी विसरेन? तू विसरशील?

वर्षानं माझ्याकडं परत पिल्लं झाली, आधीच्या विणीतला एक नर मोठा झाला होता. दिवाळीला मगन आला, सचिनला राहायला गेला होता तोवर, म्हणे दादा, टाकी घेतली घरात, चार द्या. मी म्हटलं, देतो की. आता ऐक — एवढ्याशा पिल्लात नर-मादी कोणाला कळत नाही. मिशा सात-आठ महिन्यांनी येतात. मला कळतं. ग्लासात घ्यायचं, डोक्यावर उजेडाकडं धरायचं आणि खालून पोट बघायचं, मागच्या भोकाचा आकार वेगळा असतो. संबंध दुपार मी ग्लास वर करून बसलो, मान धरली माझी. चार निवडल्या. चारी माद्या. मनात म्हटलं, मगन, माझा नर तू उचललास ना? मग तुझ्या घरात नर येणार नाही, मी आहे तोवर. पुढच्या दिवाळीला आला, म्हणे मिशा नाहीत आल्या. मी म्हटलं, येतात, कुणाला उशीर लागतो, पाणी बदलत जा, गिलकं घाल. अजून दोन दिल्या. मग तीन. मग दोन. अकरा झाल्या. हात जोडून घेऊन जायचा, दादा तुमचे उपकार. मी म्हणायचो, असू दे.

जा, सांग त्याला हे. सगळं सांग. तो नुसता वाट बघत बसला आणि त्याला कळलंच नाही कशाची, तर माझं काय समाधान? आणि नर पाहिजे ना? नेच. तो कोपऱ्यातला आवडला होता ना तुला? तोच ने. हो, विकायचा नव्हता, म्हणून तर देतोय. ये बाबा, ये ग्लासात… घाई नाही… आला. बघ कसा रुबाब. पिशवीत पाणी अर्धं, वर हवा, दोन रबर. घरी गेल्यावर पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेव थोडा वेळ, मग सोड. महिन्याभरात अंडी दिसतील त्याला. मगनला म्हणावं, आता खाटेवर पडून बघ — काय?

काय म्हणालीस?

सरलाबाई?

म्हणजे टाकी सरलाबाईची, तुझ्या सासूची? आणि मगन? — मोबाइल बघतो. टाकीकडं ढुंकून बघत नाही. मग दर दिवाळीला इथं यायचा तो — ती पाठवायची म्हणून. तिच्या टोचणीनं. आणि तूही तिच्यासाठीच… — वाळूत? माद्या अंडी वाळूतच टाकून देतात, हो, नर नसला की तसंच होतं, पांढरी पडतात. ती चमच्यानं वेचते? एकेक? आणि वाटीत ठेवते, उद्यापर्यंत बघू म्हणून? किती वर्षं… नको, नको सांगूस.

दवाखान्यात शोभाची वेणी सरलाबाई घालायची. मगन नाही आला एकदाही, ती यायची, सचिनहून नव्हे, तेव्हा इथंच होते — डबा घेऊन, रोज. आणि शोभा पिल्लं वाटत होती ना, तेव्हा पहिलं नाव तिचंच घेतलं होतं. सरलाला चार द्या. मी हो म्हटलं होतं. मगननं चार मागितली तेव्हा माझ्या कानात तेच वाजलं, चार — आणि मी ग्लास वर धरून बसलो.

दे ती पिशवी. दे म्हणतो ना. हा नाही न्यायचा. खोड आहे म्हणालो होतो ना मघाशी? हा अंडी ढकलून देतो. तीनदा बसवला, तीनदा सगळा पुंजका शेपटीनं बाहेर लोटला ह्यानं. तुमच्या घरी तेच केलं असतं. मला तेच बघायचं होतं… म्हणजे मला बघायला मिळालं नसतं, पण इथं बसून माहीत असतं. अशी बघू नकोस माझ्याकडं, धरणगावची ना तू, बघायचं तर शिव्या देऊन बघ.

हा घे. मधल्या टाकीतला. दिसायला साधा आहे, मिशा आखूड, पण बसला की उठत नाही. शोभाच्या नराचा नातू. बोळकं पण हे ने, ह्याच्या ओळखीचं आहे. पुंजका दिसला की कोणी हात घालायचा नाही पाण्यात, सरलाबाईनं सुद्धा नाही, आणि मगननं तर टाकीच्या बाजूला उभं राहायचं नाही. सांगशील तिला? माझं नाव काढू नकोस. काढ. नको, काढू नकोस.

आणि एक ऐक, मगनला मी सोडलेलं नाही. हा तिच्यासाठी आहे. तो कधी स्वतःच्या मनानं, स्वतःच्या हौसेनं मासा मागायला ह्या दारात आला ना, तर हा कोपऱ्यातला त्याच्यासाठी ठेवलाय. खायला घालून, पाणी बदलून, सांभाळून ठेवीन मी ह्याला. दहा वर्षं जगतात हे. मीही जगेन.

चल, निघ आता. रिक्षात पिशवी मांडीवर धर, खाली ठेवू नकोस. आणि जाताना ते बटण बंद कर दाराजवळचं. आता उजेडात बाहेर येणार नाही हा कोपऱ्यातला.