कॅक्टसच्या तंबूजवळचे पाहुणे

ताई : ...आणि हळू बोल. ते कनातीपलीकडे पडलेत. डोळा लागला असेल तर लागू दे.

धाकटा : बरे आहेत ना पण?

ताई : बरे आहेत. थंडीनं काकडले होते जरा. कॅक्टसच्या तंबूतला माळी हाताला धरून घेऊन आला. म्हणाला, बाई, हे आजोबा केव्हाचे बाकावर बसलेत, कुणाची तरी वाट बघतायत, पण कुणाची ते सांगत नाहीत. मी मान वर करून बघते तर आपले बाबा. या हरवले-सापडले कक्षात मी इतकी वर्षं बसतेय, पण आपल्याच घरचं माणूस टेबलासमोर आणून उभं करतील असं काही मनात आलं नव्हतं.

धाकटा : अगं, मी पाच मिनिटांत येतो म्हणून सांगून गेलो होतो. पाहुणे अचानक लवकर आले. मग उद्घाटन, मग फोटो, मग त्या गुलाबवाल्यांचं बक्षिसावरून भांडण. तुला माहितीये ना, फुलांच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस कसा असतो ते.

ताई : माहितीये. मी काय इथे फुलं हुंगायला बसलेय? सकाळपासून दोन आज्या, एक कवळी आणि एक नवरा जमा झालाय. आज्यांना नेलं लोकांनी. कवळी त्या डब्यात आहे. नवरा बाहेर शेंगदाणे खात बसलाय, त्याला न्यायला कुणी आलेलं नाही आणि त्यालाही काही घाई दिसत नाही.

धाकटा : चेष्टा नको ना, ताई.

ताई : बरं, नाही करत. फोन का उचलला नाहीस?

धाकटा : सायलेंटवर होता. भाषणं चालू होती.

ताई : आणि घोषणा? एकदा नाही, तीनदा केली मी.

धाकटा : ऐकूच आली नाही गं. आली असती तर धावत आलो नसतो का? पाहुण्यांच्या मांडवाचा भोंगा बंद होता ना.

ताई : असं?

धाकटा : हो. त्यामुळे तर सगळा घोळ झाला.

ताई : ज्याला घोषणा ऐकू येत नाही, त्याला घोषणा झाली होती हेच कळत नाही रे. तू तर थेट भोंग्यापर्यंत पोचलास.

धाकटा : म्हणजे... आवाजवाला म्हणत होता तसं.

ताई : आवाजवाल्याशी मीही बोलले. ही पेटी दिसतेय? मैदानातल्या प्रत्येक भोंग्याचा हिच्यावर एक दिवा आहे. दुसरी घोषणा चालू असतानाच तुमच्या मांडवाचा दिवा विझला. मला वाटलं, उंदरानं वायर खाल्ली. फोन केला त्याला. तो म्हणाला, बिघाड नाही ताई, साहेबांनी बंद करायला सांगितलंय. मी म्हटलं, कुठले साहेब? तर म्हणाला, तुमचेच.

धाकटा : त्यानं सांगितलं तुला?

ताई : बस त्या खुर्चीवर. पाणी हवंय?

धाकटा : नको.

ताई : मग बोल. माझ्यापुढे काय लाजायचं? नाक पुसलंय मी तुझं.

धाकटा : पहिली घोषणा झाली तेव्हा मी मोठ्या साहेबांच्या मागेच उभा होतो. 'कॅक्टसच्या तंबूजवळ बसलेले पाहुणे आमच्याकडे थांबले आहेत, त्यांच्या घरच्या माणसांनी यावं.' मी लगेच ओळखलं. तुझा आवाज, कॅक्टसचा तंबू, अजून कोण असणार? निघणारच होतो. खरंच सांगतो, वळलोही होतो. तेवढ्यात साहेब म्हणाले, 'काय लोक असतात, म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी टाकून फुलं बघत फिरतात. लाज कशी वाटत नाही यांना.' सगळे हसले.

ताई : आणि तू?

धाकटा : मी म्हणालो, 'हो ना, सर.'

ताई : काय?

धाकटा : 'हो ना, सर.' आणि हसलो. एकदा हसल्यावर मग तिथून निघू कसा? सगळ्यांना कळलं असतं, तो मीच म्हणून. दुसऱ्यांदा घोषणा सुरू झाली तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सहजच बघितलं असेल. पण मला घाम फुटला आणि मी आवाजवाल्याला हातानं खूण केली. वाटलं, एवढं भाषण संपलं की जातो.

ताई : मी नाव घेणार होते तुझं, माहितीये? उत्सव कार्यालयाचे अमुक अमुक साहेब, तुमचे वडील इथे बसलेत, असं सरळ. बाबांनी माइकवर हात ठेवला. म्हणाले, नियम विसरलीस का. मोठं माणूस वाट चुकलं तर त्याचं नाव घ्यायचं नाही आणि हरवलं हा शब्द तर नाहीच नाही. पाहुणे म्हणायचं. आणि धाकट्याचं तर मुळीच नको, त्याचे वरचे लोक असतील तिथे.

धाकटा : असं म्हणाले?

ताई : असंच म्हणाले. म्हणजे बघ, एवढ्या गर्दीत ती घोषणा कुणासाठी आहे हे एकट्या तुला कळत होतं. आणि तूच तिचं तोंड बंद केलंस.

धाकटा : आता तू पण...

ताई : मी पण काय? मला एक सांग, बाकावर बसवलंसच का त्यांना? पहिल्या रांगेत बसवायचं ठरलं होतं ना? आठवडाभर सांगत होते सगळ्यांना. शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला, दवाखान्यातल्या त्या नर्सला. 'यंदा धाकट्यानं बोलावलंय, जुने निवेदक म्हणून.' एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं धड दिसत नाही, गर्दीत दोन पावलं चालायची भीती वाटते. तरी सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ करून तयार.

धाकटा : बसवणारच होतो. पण ते गाडीतून उतरले ना... तोच राखाडी स्वेटर. छातीवर निवेदकाचा जुना बिल्ला, त्याची पिन गंजलेली. हातात कापडी पिशवी आणि तिच्यातून थर्मास डोकावतोय. समोर सगळे सुटाबुटातले, कॅमेरेवाले उभे. मला वाटलं, फोटो होऊन जाऊ देत, मग घेऊन येतो.

ताई : थर्मासची लाज वाटली तुला.

धाकटा : वाटली. आता नाही कसं म्हणू.

ताई : आणि स्वेटरची.

धाकटा : स्वेटर जुना झालाय गं.

ताई : मी विणलाय तो.

धाकटा : ताई, मला माहितीये मी काय केलंय ते. मान वर करवत नाहीये माझ्यानं. अजून नको बोलूस.

ताई : तुला आठवतं का रे, आपलं वर्षच बाबांच्या आवाजानं सुरू व्हायचं. हे फुलांचं प्रदर्शन झालं की धावण्याची शर्यत, मग पुस्तकांचा मेळा, पाऊस सरला की होड्यांची शर्यत, आणि वर्ष संपताना नदीवरची रोषणाई. बाकीची पोरं सुट्ट्यांची वाट बघायची. तू विचारायचास, बाबांचं पुढचं कधी? टेबलाखाली जाऊन बसायचास आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विजार ओढून सांगायचास, हा आवाज येतोय ना, तो माझ्या बाबांचा आहे. एका बाईची साडी ओढलीस म्हणून मार खाल्ला होतास.

धाकटा : तुझ्याच हातचा.

ताई : माझ्याच हातचा. आज द्यायला हवा होता, पण तुझे केस पिकायला लागलेत.

धाकटा : त्यांना माहितीये का? भोंग्याचं?

ताई : मी नाही सांगितलं. आवाजवाल्याशी बोलले तेव्हा मी फोन कानाला लावून बाहेर गेले होते. तिसऱ्या घोषणेनंतर बाबा एवढंच म्हणाले, 'आता नको करूस, लोकांना कंटाळा येतो.' आणि आत जाऊन पडले.

(कनात बाजूला होते. बाबा हातानं टेबलाची कड चाचपत बाहेर येतात.)

बाबा : धाकटा आलाय वाटतं.

धाकटा : हो, बाबा. सावकाश. इकडे, खुर्ची इकडे आहे.

बाबा : दिसतेय खुर्ची, एवढा काही आंधळा नाही झालो. उद्घाटन नीट झालं?

धाकटा : झालं.

बाबा : फीत कापायला कात्री वेळेवर सापडली? आमच्या वेळी दरवर्षी कात्रीच हरवायची. एकदा मी पंधरा मिनिटं नुसत्या शेवंतीवर बोलत होतो.

धाकटा : सापडली, बाबा. मला यायला फार उशीर झाला. मी...

बाबा : अरे, मांडवाकडचा भोंगा गेला असणार. तिकडून आवाज येईनासा झाला तेव्हाच मी समजलो. थंडीत व्हायचंच असं. होड्यांच्या शर्यतीत तर अर्धा काठ बहिरा असायचा आमचा. मी ताईला म्हटलंच, त्याला ऐकू आलं असतं तर तो आला असता.

धाकटा : हो.

ताई : हो काय?

धाकटा : नाही. बाबा, भोंगा गेला नव्हता. मी बंद करायला सांगितला होता.

बाबा : हं.

धाकटा : पहिली घोषणा मी पूर्ण ऐकली होती.

बाबा : ऐकलं मी ते मघाशी. कापडाची कनात आहे, इकडे श्वास घेतला तरी पलीकडे कळतो.

धाकटा : मग भोंगा बिघडला असं का म्हणालात?

बाबा : तुला तेवढं म्हणून सुटता यावं म्हणून. तू घेतलं नाहीस ते. ठीक केलंस.

धाकटा : माझं चुकलं, बाबा.

बाबा : तुझे साहेब काय म्हणाले? लाज कशी वाटत नाही यांना?

धाकटा : हो.

बाबा : आणि तू म्हणालास, हो ना, सर.

धाकटा : हो.

बाबा : मग दोघंही बरोबरच बोललात.

ताई : बाबा, जाऊ दे आता.

बाबा : जाऊच देणार आहे. घरचा आहेस, टाकून कुठे देणार? पण वाईट वाटलं मला, उगाच नाही वाटलं असं कशाला सांगू. बाकावर बसवलंस त्याचं नाही एवढं. इथे या टेबलाशी बसलो, त्याचं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घोषणा केल्या आणि गंमत अशी, की या बाजूला कधी बसलोच नव्हतो. इथे बसलं की प्रत्येक चाहुलीला वाटतं, आला. पडदा हलला की वाटतं, आला. मी दोनदा उठून उभा राहिलो. एकदा तो शेंगदाणेवाला गृहस्थ होता.

धाकटा : चला, बाबा. मांडवात चला. आत्ता, असेच. पहिल्या रांगेत बसवतो.

बाबा : नको रे. तिथले दिवे डोळ्याला सोसायचे नाहीत. घरी ने मला.

ताई : जरा थांबा. शेवटची घोषणा राहिलीय. पाहुण्यांना न्यायला माणसं आली की तेही सांगायचं असतं. ज्यांनी आधीची ऐकली त्यांच्या जिवाला घोर नको. हाही तुमचाच नियम.

बाबा : सांग मग पटकन.

धाकटा : मी सांगतो.

ताई : तू? तुझा आवाज ओळखतात तिकडे.

धाकटा : तिकडचा भोंगा तर बंद आहे. थांब... हॅलो. मी बोलतोय. मांडवाचा भोंगा चालू करा. हो, आत्ता. मोठे साहेब बसलेत ना तिथे? असू देत. मीच सांगतोय.

ताई : लागला दिवा.

बाबा : धाकट्या, काही गरज नाहीये याची.

धाकटा : माइक दे, ताई. ...ऐका हो. कॅक्टसच्या तंबूजवळ बसलेल्या पाहुण्यांना न्यायला... त्यांना न्यायला त्यांचा मुलगा आला आहे. तो उत्सव कार्यालयात काम करतो. तो मांडवातच होता. पहिली घोषणा झाली तेव्हाच त्यानं...

बाबा : पुरे. आभारी आहोत म्हण आणि बंद कर.

धाकटा : आभारी आहोत.

ताई : बस खाली.

बाबा : माइक तोंडाच्या फार जवळ धरतोस तू. फुस्स फुस्स येतं.

ताई : फोन वाजतोय तुझा. मोठे साहेब.

धाकटा : वाजू दे. बाबांना घरी सोडून मग बोलतो काय ते.

ताई : सायलेंटवर होता म्हणालास ना तो?

धाकटा : नव्हता.

बाबा : माझी पिशवी कुठे ठेवलीस गं?

ताई : तुमच्या उशाशीच होती. ही घ्या.

धाकटा : माझ्याकडे दे. अरे, थर्मास तर भरलेलाच आहे. प्यायला नाहीत तुम्ही?

ताई : मी किती वेळा म्हटलं, थंडी वाजतेय, त्यातलं घोटभर घ्या. हात लावू दिला नाही मला. इथला पाणचट चहा प्यायले, पण तो नाही.

बाबा : तो माझा नव्हता.

धाकटा : मग कुणाचा?

बाबा : तूच म्हणाला होतास ना, कार्यक्रमाच्या दिवशी उभं राहून राहून डोकं उठतं आणि चहाचा घोटसुद्धा मिळत नाही. म्हणून सकाळी मीच केला, बिनसाखरेचा. झाकण घट्ट लावलंय. बघ, अजून गरम असेल.