मैद्याचा हात

माझं गाव कुडाळच्या पुढं, आणि शाळेचं म्हणाल तर शाळा होती, मीच नव्हतो. मास्तर घरी येऊन आईला म्हणाले, ह्याच्या डोक्यात काय शिरत नाय, ह्याच्या हातांना काम द्या, म्हणून मामानं लालबागला बेकरीत आणून टाकला. तेव्हापास्नं पाव मळतोय. डोकं गावालाच राहिलं, हात तेवढे मुंबईला आले, असं आमची मंडळी म्हणते, आणि ती खोटं बोलत नाय.

आमच्याकडे जुनी रीत हाय, बाया घरून पीठ, तूप, साखर डब्यातनं आणतात, आम्ही नानकटाई वळून भट्टीत भाजून देतो. ज्याचा डबा त्याची नानकटाई. तर आमच्याच चाळीतली सुजाता एकदा नाचणीचं पीठ घेऊन आली. म्हणाली, काका, आमच्या तन्वीला गहू चालत नाय, मैदा नाय, रवा नाय. मी आपला शहाणा, म्हटलं थोडासा चालत असेल की, चवीपुरता. तर म्हणाली, कण पण नाय, गणपतीत कुणीतरी बोटभर शिरा भरवला तर पोरगी पोट धरून आठवडाभर अंथरुणात. गिरणीत गहू दळतात म्हणून पीठसुद्धा तिनं घरी मिक्सरला काढलेलं. दुसऱ्या दिवशी तन्वीचा वाढदिवस. दरवर्षी पोरगी स्वतःचा केक मैत्रिणींना वाटते आणि आपण केळं खाते.

म्हटलं घाबरू नको. पत्रा घासला, पाट घासला, हात तर असे धुतले की लग्नात पण धुतले नव्हते. सुजाता समोर उभी, मी वळतोय, गप्पा हाणतोय, आणि काय सांगू तुम्हाला, तुपानं हात चिकट झाला तसा हात आपणच बाजूच्या परातीत गेला. मैद्याच्या. मला विचारलं पण नाय. आयुष्यभराची सवय त्याची, चिकटलं की मैदा. मी बोलतच होतो.

सुजाता हळूच म्हणाली, "काका, मैदा."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग अर्धं पीठ डब्यात उरलेलं, ते घेऊन घरी आलो. सुजातानं पुढं जाऊन मंडळीला सगळं सांगितलेलं, तिनं मला दारातच अडवला. मयतावरनं आल्यासारखे कपडे बाहेर काढायला लावले, आंघोळ घातली, तर कानातनं मैदा निघाला. म्हणाली, तुमी भायरच ऱ्हवा, खयंय हात लावू नकात. पोळपाट-लाटणं तिनं आधीच माळ्यावर टाकलेलं, कुकरात नवीन मीठ तापवलं, त्यावर नवी ताटली. मी टॉवेलवर गॅलरीत उभा राहून आतमधी सांगतोय, तूप अजून फेस, आच कमी कर, आणि अख्खी चाळ हसतेय की बेकरीवाल्याला स्वतःच्या घरात बंदी. आणि नानकटाई झाली कशी? माझ्यापेक्षा बरी झाली, काय करणार.

वाढदिवसाला मी लांब दरवाज्यात बसलो. तन्वीनं एक उचलली, आधी आईकडं बघितलं. मग खाल्ली. डोळे मिटून, सावकाश, आणि ताटलीत पडलेला चुरा बोटानं टिपून टिपून खाल्ला. मी एवढे पाव केले, माझं खाताना असे कुणी डोळे मिटलेले बघितले नाय. सुजाता मात्र तिच्या तोंडाकडं बघतच नव्हती, पोटाकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली उगाच रेंगाळत होतो, तर वरनं पोरगी दप्तर उडवत धाडधाड उतरली आणि शाळेला गेली. मी तिथंच पायरीवर बसलो. मला तर अजून आश्चर्य वाटतं हो. डोळ्याला न दिसणारा कण, माझ्या नखात दहा बसतील, तो एवढ्याशा पोटाला कळतो. देवानं काय नाजूक काम करून ठेवलंय. आणि माझ्यासारखा दगड त्याच चाळीत राहतो.

आता आमच्या घरात लोकांच्या असल्या पथ्याच्या डब्यांची वेगळी फळी हाय. कुणाचा साखरेशिवाय, कुणाचा उपवासाचा वरईचा. सगळं मंडळी करते, मी गॅलरीतनं हुकूम सोडतो, कुणी ऐकत नाय.

तन्वी मोठी झाली. बेकरीतनं घरी येताना रस्त्यात दिसली की लांबनंच ओरडते, काका, हात वर. मग मी भर रस्त्यात पोलिसानं धरल्यासारखा दोन्ही हात वर करून उभा राहतो, अंगावरचा मैदा भुरूभुरू पडतो, लोकं बघतात, आणि ती हसत हसत बाजूनं निघून जाते. जाऊ दे. अशीच हसत जाऊ दे, मी राहतो उभा.