रेडकाचा एक गुण

चहा घ्या आणि ऐका, नातीच्या एका गुणासाठी मी शाळेत कशी भांडले ते. परीक्षेत प्रश्न होता, म्हशीच्या पिल्लाला काय म्हणतात. नातीनं लिहिलं, रेडकू. बाईंनी लाल फुली मारली. पोरगी रडत म्हणाली, "आजी, तुझं ऐकलं म्हणून चुकलं." ते मला लागलं. तडक शाळा गाठली.

"अहो आजी, पुस्तकात पारडू आहे," बाई म्हणाल्या.

"दोन्ही एकच. खडकीत वीस वर्षं माझ्या गोठ्यात म्हशी होत्या. तुम्ही किती पाहिल्यात?"

"आपण कितवी शिकलात?"

"शाळेत पाय ठेवला तो आजच. वाचायला शिकले दुकानांच्या पाट्यांवरून, पुढचं बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांतून."

"मग अस्वलाच्या पिल्लाला काय म्हणतात, सांगा."

"पिल्लूच. जन्मतं तेव्हा आंधळं आणि मुठीएवढं. अस्वल कोणी दाराशी बांधलं नाही, म्हणून वेगळं नाव पडलं नाही. रेडकू मात्र जन्मल्यावर लगेच धडपडत उभं राहतं आणि दूध शोधतं."

बाई नरमल्या. "बरं, अर्धा गुण देते."

म्हटलं, "बाई, माझ्या गोठ्यात अर्धं रेडकू कधी जन्मलं नाही."

पूर्ण गुण घेऊनच घरी आले.