मामाची दुर्बीण

तेलगावच्या आमच्या मामाचा किस्सा तुमाला म्हाईत न्हाई? रानडुकरांनी त्याचा उभा ऊस लोळवलता. डुकरं मारायची रीतसर परवानगी मिळाली तसा मामा आजोबांच्या मोठ्या गोळीच्या रायफलीला दुर्बीण बसवायला निघाला. मीबी संगं गेलतो.

दुकानदार म्हणला, "मामा, ही बंदूक मागं लई धक्का देती. डोळा लांब ठिवून दिसंल अशी दुर्बीण घ्या."

"डोळा लांबच ठिवायचा तर दुर्बीण कशाला घ्यायची? सगळ्यात मोठी काढा!"

दुसऱ्या दिवशी सांजच्याला बांधावर बसून मामानं डुकरावर नेम धरला. दुर्बिणीला डोळा चिकटवला अन् चाप ओढला. बंदूक मागं आली, दुर्बीण भुवईवर आदळली अन् मामा बांधाखाली उताणा! डुक्कर मान वळवून बघून निवांत उसात शिरलं.

मी त्याला दवाखान्यात नेलं. टाके घालायला आलेल्या सिस्टरनं बंदुकीचं नाव ऐकताच घाबरून विचारलं, "गोळी लागली का?"

"गोळी न्हाई लागली," मामा बोलला.

"कुणालाच न्हाई?"

मामा कळवळून म्हणला, "सिस्टर, टोचायचं तर सुईनं टोचा!"