सोमवारी जंतूंना विष कोण घालणार?

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालकसाहेब, व्यासपीठावरचे मोठमोठे पाहुणे, आज ज्यांचा निरोप आहे त्या आमच्या बाई, प्रयोगशाळेतली सगळी मंडळी आणि मागच्या रांगांत दाटीवाटीनं बसलेले आमच्या वसाहतीतले शेजारी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या. निघताना बायको म्हणाली, "तिथं रडू नका हो. रडलात की बाहीनं नाक पुसता." म्हणून रुमाल आणलाय. पण माझी झोप उडालीय ती वेगळ्याच काळजीनं.

बाईंच्या हुशारीबद्दल आधीचे वक्ते बोलले. मला तेवढं कळत नाही. मला आमचा नळ कळतो. वसाहतीमागं कीटकनाशकाचा कारखाना होता. तो बंद पडला, मालक गेले, पिंपं जमिनीत राहिली. ती गळली आणि विष आमच्या विहिरीत उतरलं; तिचंच पाणी टाकीत चढतं आणि नळाला येतं. बाई पहिल्यांदा आल्या त्या चपला काढून थेट कारखान्याच्या गटारात उतरल्या आणि डबीभर चिखल घेऊन वर आल्या. बायको म्हणाली, "शिकलेली दिसते, पण डोकं फिरलंय."

त्या चिखलात एक जंतू निघाला. विषातच राहून राहून तो विष खायला शिकला होता. त्याच्या अंगातला एक रस कात्रीसारखा विषाचे तुकडे करतो. लढाईत माणसं मारायचा वायू या विषाचा चुलतभाऊ, त्यालाही ही कात्री चालते म्हणे. म्हणून तर एवढे पाहुणे येतात. वायूचं विचारतात, चहा पितात, जातात. आमच्या टाकीचं कोण विचारतो? असो, पाहुण्यांनी राग मानू नये.

बाईंनी ते जंतू आमच्या टाकीतल्या खड्यांवर वसवले. दर आठवड्याला प्रयोगशाळेतून ताजे आणून सोडायच्या. आणि प्रयोगशाळेत त्यांचं जेवण काय? तेच विष, थेंबभर. मी एकदा म्हटलं, "बाई, बिचाऱ्यांना कधीतरी गोडधोड घाला." त्या म्हणाल्या, "काका, लाड केले की पोरं बिघडतात." मी हसलो होतो.

मग बाई आजारी पडल्या. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना त्या मरतुकड्या जंतूंची दया आली. त्यांनी साखरेचं पाणी घातलं. जंतू असे फोफावले की बाटली दुधासारखी पांढरी झाली. सगळे खूश! पण आयतं मिळाल्यावर विष कोण कापत बसतो? त्यांच्या पिढ्या भराभर बदलतात, पिढीगणिक कात्री सुटत गेली. तेच जंतू टाकीत आले. पाणी दिसायला काचेसारखं. माझी नात शाळेतून आली, पोटभर पाणी प्यायली, आणि थोड्या वेळानं मला म्हणाली, "आजोबा, दिवसाढवळ्या अंधार का झालाय?" तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दवाखान्यानं तिला वाचवलं. पण पेन धरताना तिचा हात अजून थरथरतो.

बाई तापातून उठल्या, पुन्हा त्या गटारात उतरल्या, पुन्हा जंतू शोधून आणला. आता त्या गटारावर काँक्रीट ओतून रस्ता केलाय. थंड पेटीत ठेवलेला साठा गेल्या उन्हाळ्यात पेटी बंद पडून वाया गेला. राहिलीय एक बाटली. कुणी पुन्हा साखर घातली आणि तिच्यातले जंतू कात्री विसरले, तर दुसरे आणायला चिखल कुठला?

बाईंच्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही. मघाशी जिन्यात मी संचालकसाहेबांना विचारलं, "सोमवारी जंतूंना विष कोण घालणार?" साहेब म्हणाले, "काका, जंतू आहेत ते, मरतात कुठे?" साहेब, मरत नाहीत हो. विसरतात. मेले असते तर निदान कळलं तरी असतं.

बाईंचे पाय धरावेत असं वाटतं. पण त्यांची लेक दूर गावी अवघडलेली आहे, तिला आईनं नको का जायला? मी म्हटलं, बाटली मला द्या. बाई म्हणाल्या, "काका, तुमचे हात कापतात. आणि ते विष आहे." खरं आहे.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. आवरतो. बाई, आमच्या घराघरातलं पाणी तुमचं आभारी आहे. शुभ दिवशी नको ते बोललो, म्हाताऱ्याचं तोंड समजून पोटात घाला. या सभागृहात हे काम येणारी बरीच माणसं आहेत. सोमवारी जो येईल, त्यानं आत्ता हात वर करावा. मी इथंच उभा आहे. फक्त कृपा करून टाळ्या वाजवू नका. टाळ्यांना सगळ्यांचेच हात उठतात. मला एकच पाहायचाय.