चंद्रावरची विहीर

मिलिंदनं स्वतः बनवलेल्या कम्प्युटर गेमचं सांगतो, चहा तर घ्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात दोन्ही वस्त्यांची बोलचाल बंद होती, पण आमी तिघं परभणीत शिकायला एकाच खोलीत. मिलिंद बौद्धवाड्यातला, विलास पाटलाच्या घरचा.

गेमच्या पहिल्या भागात आपण कप्तान होऊन चंद्रावर उतरायचं. तो आमाला लय आवडला. मग मिलिंदनं दुसरा भाग जोडला, तिथं गाव वसवायचं.

विलासनं खेळून पाहिला अन् नाक मुरडलं. "लढाई न्हाई, काही न्हाई. अन् विहीर एकच? तुमच्या लोकांची कुठं हाय?"

"तीच."

"अन् आमची?"

"तीच."

विलासनं पडद्यावरच्या कप्तानाला त्या विहिरीपाशी नेलं. मग हळूच म्हणाला, "मिल्या, आपलं गाव कवा न्यायलास तिकडं?"