कुरासावची नोकरी

सौदीतल्या अबकैकच्या दवाखान्यात डोळे तपासायच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी वेल्डिंग इन्स्पेक्टर आणि त्याची नर्स बायको.

"अहो, त्या कुरासाव बेटावर आहे तरी काय?"

"जहाजं दुरुस्त करायची मोठी गोदी. आणि कडू संत्र्याच्या सालीची दारू."

"बावीस वर्षं इथं कोरडी काढलीत, आता तिकडे!"

"बारीक अक्षर वाचता आलं तरच नोकरी, मंजुषा."

"कंपनीनं खलास म्हणून हाकललं, तेव्हा नाही कुणी डोळे तपासले."

"तुझी ड्यूटी इथं, मी तिकडे. मी जाऊ नये असंच वाटतं ना तुला?"

"वाटतंच."

"मग माझा चष्मा कशाला पुसतेस?"

"नको म्हणायचं तर आपण दोघं म्हणू. हा डॉक्टर कोण म्हणणारा? घाला."